पणजोबांची मेडल्स सोनाराला देऊ का?

प्रश्न: नमस्कार, गावचं घर आवरताना पत्र्याच्या पेटीत पणजोबांची दोन मेडल्स सापडली, एक चांदीचं, त्यावर घोडेस्वार आहे, दुसरं तांबूस, त्यावर पंखवाली बाई. सोनार म्हणतो वजनावर घेतो. देऊ का? आणि आधी घासून चकचकीत करू का?
– एक वाचक, वाई

उत्तर: अहो घासू नका, आणि सोनाराला तर नाहीच! ही पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलची जोडी दिसतेय. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी ढीगभर मेडल्स वितळवली गेली, वाईट वाटतं. आता भिंग घ्या आणि कड वाचा, तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, खरी किंमत त्यातच. १०३, ११० किंवा ११७ मराठा पलटण निघाली तर आणखी माहिती काढा, कारण या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथे अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली, त्यामुळे अशा नावांना गिऱ्हाईक जास्त. पॉलिश केलं की अक्षरं झिजतात, भाव पडतो. कड कानशीने घासून दुसरंच नाव कोरलेलीही बाजारात फिरतात, पण तुमची घरातलीच आहेत म्हणा. विकायचीच तर जोडी फोडू नका, जुनी फीत, सैन्यातून डिस्चार्ज मिळाल्याचे कागद सगळं एकत्र ठेवा. परदेशातला गिऱ्हाईक ऑनलाइन जास्त देतो म्हणाला तरी पाठवू नका, शंभरी ओलांडलेल्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. माझं विचाराल तर ठेवा घरातच, कडेवरचं नाव मात्र मला कळवा.