सख्खा भाऊ आपल्याच संघात असला तर

बघ, पार्क मैदानावर खो-खो सुरू केलायस आणि धाकटा पण त्याच संघात आहे तर फायदा होतोच की, पण आपोआप नाही. आक्रमणात तू मागून पळत आलास की पावलांच्या आवाजावरनंच त्याला कळतं आता खो मिळणार, तो आधीच उठायच्या तयारीत असतो, हे रोज एकत्र सराव केल्यानं येतं, रक्ताच्या नात्यानं नाही. संरक्षणात मात्र दोघं एकाच तिघांच्या तुकडीत नको, एक बाद झाला की दुसऱ्याचं लक्ष उडतं, लय वेळा बघितलंय मी. पांड्या बंधू २०२१ ला पुण्यात भारताकडनं वनडे एकत्र खेळले पण एक फिरकीवाला, एक फास्ट, कामं वेगळी. सरांना सांगून तुकडी बदलून घे. आणि घरी जेवताना त्याच्या चुका काढू नकोस, त्यानं पोरं खेळच सोडतात.