वास्तुविशारदांनी इतिहासात काही राजकीय आणि सामाजिक भूमिका बजावली आहे का?

सत्ताधारी सांगतील तशी इमारत उभारून देण्यापलीकडे वास्तुविशारदांनी काही केले आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चितच केले आहे, आणि ते इमारतीच्या दर्शनी भागापेक्षा तिच्या नकाशात अधिक ठळकपणे दिसते. कारण कोणाला किती चालायला लावायचे आणि कोणाची पायपीट वाचवायची, हे नकाशातच ठरते.

आल्बर्ट श्पेअर यांनी हिटलरसाठी बर्लिनमध्ये बांधलेली चॅन्सेलरी, म्हणजे सरकारप्रमुखाच्या कार्यालयाची इमारत, जानेवारी १९३९ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातील संगमरवरी दालन १४६ मीटर लांब, म्हणजे फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्याच्या आरसेमहालाच्या दुप्पट होते. भेटीला येणाऱ्या परदेशी राजदूताला एकामागून एक भव्य दालने तुडवत यावे लागे, आणि तो दबून जावा हाच त्यामागचा हेतू होता. श्पेअर यांना केवळ हुकमाचे ताबेदार म्हणून सोडून देणे मला मुळीच मान्य नाही, कारण राजधानीच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या त्यांच्याच कार्यालयाने बर्लिनमधील ज्यू कुटुंबांना राहत्या घरांतून बाहेर काढले.

याउलट ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्ट नगरपालिकेच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखताना बाईची पावले मोजली. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत खिडकीखाली बसून भाजी चिरण्याचा ओटा होता, त्यातच साली ढकलण्यासाठी कप्पा होता, छताचा दिवा हवा तिकडे सरकवता येई आणि डाळी-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खण होते. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. या रचनेने बाईला एकटीलाच त्या खोलीत कोंडले, हा पुढे झालेला आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही घरकाम हे श्रम आहेत आणि ते कमी करणे ही नगरपालिकेची जबाबदारी आहे, हे तिथे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर मान्य झाले.

काम देणारा नसेल, तर मात्र वास्तुविशारदाचे हात बांधलेले असतात. नाझींविरोधी प्रतिकारात सामील झाल्याबद्दल लिहोत्स्की यांना १९४१ मध्ये अटक होऊन १५ वर्षांची शिक्षा झाली, आणि युद्धानंतर त्या व्हिएन्नाला परतल्या तेव्हा साम्यवादी म्हणून त्यांना सरकारी कामे फारशी मिळाली नाहीत.