रास्ता रोकोत लाठी बसली, आता नोटीस आली: पोलिसांना काय करता येतं, काय नाही

इथे विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोयाबीनच्या भावासाठी तालुक्याच्या चौकात रास्ता रोको झाला, विचारणाऱ्याचा भाचा त्यात होता, पाठीवर लाठ्या बसल्या आणि काही दिवसांनी पोलीस ठाण्याची नोटीस घरी आली. यावर उत्तरं देणाऱ्यांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, रस्ता अडवला की प्रसाद मिळणारच. दुसरा म्हणतो, आंदोलन हा घटनेनं दिलेला हक्क आहे, पोलिसांनी अंगाला हातच लावायचा नाही. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतो. आंदोलकांची वकीलपत्रं घेतलीत, तशी दगडफेकीत डोकं फुटलेल्या पोलिसांचीही घेतलीत. मला वाटतं, दोन्ही तट लाठीपाशीच अडकून पडलेत. भाच्याचं जास्त नुकसान व्हायचंय ते त्या नोटिशीमागच्या फिर्यादीनं, आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

आधी लाठीचं संपवू. शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्याच्यावर वाजवी बंधनं घालायची मुभाही तिथेच आहे. रस्ता बेमुदत अडवून बसायचा हक्क कोणालाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीत नागरिकत्व कायद्याविरुद्ध रस्त्यावर धरलेल्या धरण्याच्या, म्हणजे शाहीनबागेच्या निकालात २०२० साली स्पष्ट केलंय. तेव्हा जमाव पांगवायचा अधिकार पोलिसांना आहे, त्यात वाद नको. पूर्वी तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १२९ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ मध्ये आहे. पण ते कलम नीट वाचा. आधी पांगायचा आदेश द्यायचा. तो मानला नाही, किंवा मानणार नाही असं जमावाच्या वागण्यातून दिसलं, तरच बळ वापरायचं, तेही पांगवण्यापुरतं. पळणाऱ्याच्या पाठीत, खाली पडलेल्याच्या पायांवर, गल्लीत शिरून दारातल्या मोटारसायकलींवर घातलेल्या लाठीनं कुठला जमाव पांगतो? तो निव्वळ मार झाला. आणि मार ही शिक्षा या देशात न्यायाधीशालाही देता येत नाही. फटक्यांची शिक्षा १९५५ सालीच कायद्यानं रद्द झाली. फौजदाराला ती कुठून मिळाली?

सर्वोच्च न्यायालयाचा रामलीला मैदानाचा निकाल या बाबतीत मुद्दाम वाचण्यासारखा आहे. ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीत बाबा रामदेवांच्या मंडपात लोक झोपलेले असताना पोलीस घुसले, अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. त्यात जखमी झालेल्या राजबाला पुढे वारल्या. रामदेवांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, न्यायालयानं विचारलेला प्रश्न साधा होता: जमावबंदीचा आदेश काढल्यावर लोकांना उठून जायला वेळ किती दिलात? झोपलेल्या माणसापासून असा कोणता तातडीचा धोका होता? २०१२ च्या निकालात राजबालांच्या वारसांना ५ लाख रुपये भरपाई मिळाली. त्याच वेळी आयोजक ट्रस्टवरही २५ टक्के जबाबदारी टाकली, कारण लोकांना शांतपणे बाहेर काढायचं सोडून त्यांनी गोंधळ वाढवला. हे विसरून आयोजकांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनी तो भागही वाचावा.

म्हणजे लाठी कायदेशीर होती की नाही, हे लाठीच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत ठरतं. ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला का, कोणी दिला, किती वाजता, निघायला वाट मोकळी होती का, स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) त्याची नोंद आहे का. वर्तमानपत्रात ‘सौम्य लाठीमार’ असं छापून येतं, त्याला न्यायालयात काडीची किंमत नाही. कोणत्याही कलमात हा शब्द मला आजवर सापडलेला नाही.

इशारा न देता बळ वापरलं तर काय होतं, त्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत वाईट उदाहरण घाटकोपरचं रमाबाई नगर. ११ जुलै १९९७ ला आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानं मान्य केला नाही. फौजदार मनोहर कदम यांना सत्र न्यायालयानं दोषी धरलं ते २००९ मध्ये, बारा वर्षांनी. पुढे त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ‘चौकशी होईल’ हे आश्वासन ऐकलं की मला हे आकडे आठवतात.

आता कागद. भाच्याच्या फिर्यादीची नक्कल अजून तुमच्या हातात नसेल, पण त्यात काय असेल हे मी न बघता सांगतो. ‘गैरकायद्याची मंडळी जमवून, मा. जिल्हादंडाधिकारी यांच्या मनाई आदेशाचा भंग करून, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांचा रस्ता अडवून, शासकीय कामात अडथळा आणला.’ खाली पाच-सहा पुढाऱ्यांची नावं आणि त्यानंतर ‘व इतर २०० ते २५० इसम’. ही शेवटची ओळ सगळ्यांत घातक. त्या अडीचशेंत कोणालाही, कधीही, व्हिडिओत दिसला म्हणून किंवा कोणी नाव सुचवलं म्हणून बसवता येतं. भाच्याचं नाव बहुधा तिथूनच आलंय.

कलमं लागतात ती भारतीय न्याय संहितेची १८९ (बेकायदा जमाव), १९१ (दंगा), १२६ (वाट अडवणं), २२३ (आदेश न मानणं) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५ (मनाई आदेश मोडणं). यात जामिनाची अडचण नसते. खुंटा बळकट करायला त्यात १३२ घालतात, म्हणजे जुन्या दंड विधानातलं ३५३, सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे. बंदोबस्तातल्या शिपायाला धक्का लागला एवढ्यावरही ते लागलेलं मी पाहिलंय. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत मेट्रो कारशेडसाठी आरेची झाडं तोडायला सुरुवात झाली त्या रात्री जमलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, तेव्हाही ३५३ होतंच. विद्यार्थी होते त्यांत. जामीन होऊन, सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबरला तोड थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. गुन्हे नंतरच्या सरकारनं मागे घ्यायचं ठरवलं, झाडांचं काय ते सांगायला नको.

मनाई आदेशाचंही बघा. पोलीस अधिनियमाच्या ३७(१)(३) खालचा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणून बऱ्याच जिल्ह्यांत तो दर पंधरवड्याला नव्यानं निघतो. कारणाच्या जागी सण, जयंत्या, निवडणुका आणि ‘विविध पक्ष-संघटनांची आंदोलने’. वर्षभर जमावबंदी, आणि लग्नाची वरात मात्र बिनघोर. बीडच्या अशाच आदेशावर बोट ठेवून पोलिसांनी २०२० मध्ये माजलगावात नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या धरण्याला परवानगी नाकारली होती. औरंगाबाद खंडपीठानं आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. आदेश वरवर सगळ्यांसाठी दिसत असला तरी रोख आंदोलकांवरच आहे, हे न्यायमूर्तींनी ओळखलं, आणि कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कोणी देशद्रोही होत नाही असंही सुनावलं. तालुक्याच्या वकिलांनी हा निकाल बॅगेतच ठेवावा. जमावबंदीचे आदेश पुन्हापुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, हे काश्मीरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालंच होतं. ते सीआरपीसीच्या कलम १४४ खालच्या जमावबंदीबद्दल होतं, पण युक्तिवाद इथेही चालतो.

पोलिसांची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला तसे पोलीसही जखमी झाले. वरून निरोप येतो, शिपाई सकाळपासून उन्हात उभा असतो, बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांना लघवीला जायची सोय नसते, आणि दगड येतो तो त्यांच्या अंगावर. निरोप देणारा चौकात नसतो. अंतरवालीनंतर गृहमंत्र्यांनी माफी मागितली, जिल्ह्याचे अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. निरोप कोणाचा होता, हे माफीतून कळत नाही. तेच आंदोलन २०२५ मध्ये मुंबईत आलं, आझाद मैदानात ५ हजारांची परवानगी असताना दक्षिण मुंबई भरून गेली, उच्च न्यायालयानं खडसावलं, तरी लाठी न चालता मैदान रिकामं झालं. ठरवलं तर जमतं. ऊस, कांदा, सोयाबीनवाल्यांच्या वाट्याला हा संयम येत नाही, कारण त्यांच्यामागे तेवढी मतांची भीती नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्यानं आता काय करावं. नोटीस कुठल्या कलमाची आहे ते आधी बघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची असेल तर ती नुसती ताकीद आहे, तिच्यावरून घाबरून गाव सोडायचं कारण नाही. त्याच संहितेच्या ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर व्हायची असेल, तर तारखेला हजर राहायचंच. वर सांगितलेल्या सगळ्या कलमांची शिक्षा सात वर्षांच्या आतली, त्यामुळे नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. करायची झाली तर कारण लेखी नोंदवावं लागतं. वकील सोबत न्या. हजर झाल्याची पोच घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही, म्हणजे नाही.

पाठीवरचे वळ अजून असतील तर आजच सरकारी दवाखान्यात जा आणि ‘पोलिसांच्या लाठीनं’ हे शब्द डॉक्टरांच्या नोंदीत येतील असं बघा. ‘पडून मार’ लिहू देऊ नका. चौकातल्या दुकानदाराचं सीसीटीव्ही फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते लगेच मागा. ठाण्यातलं फुटेज किमान वर्षभर ठेवायचं बंधन सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये घातलंय, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याच अर्जात बंदोबस्ताच्या दिवसाच्या स्टेशन डायरीची नक्कलही मागा. तपास चालू आहे म्हणून ती नाकारतील, पण मागितल्याची तारीख पुढे कामाला येते. कोणी ठाण्यात मोबाइल बाहेर काढला म्हणून शासकीय गुपितांचा कायदा दाखवला, तर नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल सांगा, पोलीस ठाणं त्या कायद्याखालची निषिद्ध जागा नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. फार आशा धरू नका, पण कागद होऊ द्या.

‘सरकार गुन्हे मागे घेणार’ अशी घोषणा झाली म्हणून पेढे वाटू नका. शासन निर्णयात अटी असतात, जीवितहानी नसावी, नुकसान ठरलेल्या मर्यादेत असावं वगैरे. त्यानंतर सरकारी वकिलानं अर्ज करायचा आणि न्यायालयानं संमती द्यायची, तेव्हा कुठे खटला जातो. तोवर तारखा चालू. भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे विशेष: चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिलेत. किरकोळ गुन्हा खरा सांगितला तर अधिकारी तो सोडून देऊ शकतात, लपवलेला निघाला तर लपवल्याबद्दलच नोकरी जाऊ शकते. फॉर्म भरायच्या आधी फिर्यादीची नक्कल घेऊन वकिलाला दाखवा. बहुतेक फिर्यादी चोवीस तासांत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवाव्या लागतात, तिथे गुन्हा क्रमांक टाकून बघा, नाहीतर न्यायालयात नकलेचा अर्ज करा.