सहाव्या आठवड्यात डबे सुरू करू का?

सांगलीहून एका काकूंनी लिहिलंय. वय ६६. यजमान साखर कारखान्यात होते, चार वर्षांपूर्वी गेले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिरजेला काकूंचं अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन झालं. खालूनच गर्भपिशवी काढली आणि मूत्राशय खाली उतरलं होतं तिथली भिंत शिवून घट्ट केली. बिल झालं १ लाख २६ हजार. त्यातले ४६ हजार बचत खात्यातून गेले, ८० हजार भावाने भरले. काकू दहा विद्यार्थ्यांचे डबे करतात, त्यातून महिन्याला साडेआठ हजार सुटतात. सध्या ते बंद आहेत. यजमानांच्या मागे मिळणारी पेन्शन २,४००. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ९ लाख, बँकेत अडीच लाखांची एफडी, आणि आईकडून आलेल्या सोन्याच्या पाटल्या. घरखर्च ११ हजार. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलू नका, उकिडवं बसू नका असं बजावलंय.

काकू विचारतात: "सहा आठवड्यांची तपासणी झाली की डबे सुरू करते. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या तर त्यात १५ हजार सुटतात. भावाचे पैसे दिवाळीच्या आत फेडायचेत. कामाला बाई लावायची तर ५ हजार मागते, ते मनाला पटत नाही. पाटल्या मोडू की एफडी? मुलगा म्हणतो आता तरी मेडिक्लेम घे, हप्ता ३४ हजार आहे."

काकू, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "अकरा वर्षं कापड बांधून काम केलं, कुणाला सांगितलं नाही." अकरा वर्षं तुम्ही डबे केले, यजमानांचं आजारपण काढलं, मुलाचं लग्न केलं, आणि खोकला आला तरी हाताने आधार देऊन उभ्या राहिलात. आता कुठे त्यातून सुटका झालीय. म्हणून आधी उत्तर सांगते: डबे सहाव्या आठवड्यात सुरू करू नका. फराळाच्या ऑर्डरी स्वतःच्या हाताने यंदा करू नका. बाई उद्याच लावा. आता हिशेब मांडते, म्हणजे हे मी मायेपोटी सांगतेय असं वाटणार नाही.

पुढच्या अडीच महिन्यांचं बघू. घरखर्च ११ हजार, बाईचे ५ हजार, औषधं-तपासणी-रिक्षा मिळून ३ हजार धरले तर महिना १९ हजार लागतील. येणार किती? पेन्शन २,४००. पोस्टातल्या ९ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १८,४५० रुपये, म्हणजे महिन्याला ६,१५०. एकूण ८,५५०. महिन्याला १०,४५० कमी पडतात. अडीच महिन्यांचे झाले २६ हजारांवर थोडे. त्यात घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे म्हणता, तर कमोडची खुर्ची घ्यावी लागेल, तिचे अडीच हजार धरा. थोडा हात मोकळा ठेवून ३० हजार. तुमच्या विश्रांतीची सगळी किंमत एवढीच आहे.

आता दुसरी बाजू. आजपासून तीन आठवड्यांनी डबे सुरू केले तर तीन महिने पूर्ण होईपर्यंत सात आठवड्यांचे डबे मिळतात, म्हणजे साधारण १३,६००. बाईला काढलंत तर ८ हजार वाचतात. फराळाचे १५ हजार. सगळे मिळून ३६-३७ हजार. रक्कम लहान नाही, तुम्हाला मोह का होतोय हे मला कळतं. पण हे ३६ हजार मिळवण्यासाठी तुम्ही पणाला काय लावताय, तर नुकताच केलेला १ लाख २६ हजारांचा खर्च. पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर ते पहिल्याइतकं सरळ नसतं, कारण एकदा शिवलेल्या जागी पुन्हा शिवायचं असतं. वयही तोवर पुढे गेलेलं असतं.

तीन महिने पाळले की पुन्हा त्रास होणारच नाही, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. सगळं पथ्य पाळूनही काही बायकांना काही वर्षांनी पुन्हा त्रास होतो. पण जी गोष्ट तुमच्या हातात आहे ती ३० हजारांसाठी सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

यातली फसगत अशी की दुखणं लवकर थांबतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बाईमाणसाला वाटतं, आता मी बरी झाले. आतला भाग मात्र अजून भरून येत असतो, आणि ते बाहेरून कळत नाही. तुम्ही स्वयंपाक करायला हरकत नाही असं डॉक्टर सहाव्या आठवड्यात म्हणतीलही. पण दोन माणसांचा कुकर लावणं वेगळं आणि दहा डबे वेगळे. तुमच्या कामात उचलायला काय काय लागतं ते मी तुमच्याच पत्रातून मोजलं. भरलेली बादली १५ किलोच्या पुढे. तेलाचा डबा १५ किलो. गॅसच्या टाकीत नुसता गॅसच १४.२ किलो, लोखंडासकट टाकी तिसाच्या घरात जाते. आमटीचं मोठं पातेलं, भिजवलेल्या कणकेची परात, आणि दिवाळीत सोऱ्या दाबताना पोटावर येणारा जोर. तपासणीला जाल तेव्हा "काम करू का?" असं विचारू नका. "किती किलो उचलू? चकली पाडू का? कधीपासून?" असं विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं, आणि मग आपण ते आपल्या सोयीने वाचतो.

बाईला कामं कुठली द्यायची तेही ठरवा. पाणी भरणं, फरशी, धुणं, बाजारातून सामान आणणं. पोळ्या तुम्ही उभ्याने केल्या तर चालतील का, हे डॉक्टरांना विचारून. दिवसभर पडून राहणं कुणीच सांगितलेलं नाही. घरातल्या घरात आणि अंगणात चालणं हवंच, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. पोट साफ राहील असं खाणंही याच हिशेबातलं आहे. फळं, ताक, पालेभाजीला महिना तीन-चारशे जास्त लागले तर लागू द्या. कुंथावं लागलं तर टाक्यांवर ताण येतो.

मुलगा महिना ५ हजार पाठवतो म्हणाला आणि तुम्ही नको म्हणालात, कारण त्याच्या घराचा हप्ता आहे. काकू, घ्या. बाईचा पगार तो परस्पर तिच्या खात्यावर टाकू दे. अडीच महिन्यांचे साडेबारा हजार होतात, त्याने त्याचा हप्ता थकणार नाही. तसं झालं तर तुम्हाला लागणारे ३० हजार साडेसतरावर येतात. मी बऱ्याच घरांचे खर्चाचे तक्ते बघते. यजमानांच्या गोळ्या, नातवाची ट्यूशन, सुनेची डिलिव्हरी, सगळ्याला रकाना असतो. आईच्या विश्रांतीला रकाना असलेला तक्ता मला अजून क्वचितच दिसलाय. तुमच्या घरी तो असावा.

आता भावाचे ८० हजार. तुमच्याकडे चार वाटा आहेत.

पोस्टातल्या पैशाला हात लावू नका. खातं उघडून सव्वा वर्ष झालंय. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे ९ लाखांचे साडेतेरा हजार गेले. त्यातून थोडेसे काढता येत नाहीत, खातं पूर्णच बंद करावं लागतं. आणि तुमच्या पेन्शननंतरचा तोच एक नियमित आधार आहे. पाटल्या तर अजिबात मोडू नका. मोडताना घडणावळ जाते, आणि आईची वस्तू परत येत नाही.

राहिली एफडी. दोन वर्षांची, ७.२५ टक्क्यांची, सतरा महिने झालेत, सात महिने बाकी. आता मोडली तर ५.७५ टक्क्यांनीच व्याज देऊ असं बँकेने तुम्हाला सांगितलंय. दीड टक्क्याच्या फरकाने अडीच लाखांवर सतरा महिन्यांचे साधारण ५,३०० रुपये बुडतील. त्यापेक्षा त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडी तशीच राहते, तिचं व्याज चालू राहतं, आणि तिच्या तारणावर बँक पैसे वापरू देते. दर सहसा एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो. एक टक्का जास्त धरला तर ८० हजारांवर सात महिन्यांत तुम्ही ३,८५० रुपये व्याज द्याल, पण तेवढ्याच रकमेवर एफडीकडून ३,३८३ मिळत राहतील. निव्वळ खर्च ४६७ रुपये. दोन टक्के जास्त असला तरी हजाराच्या आत. मोडून ५,३०० घालवण्याची काहीच गरज नाही.

ओव्हरड्राफ्टची दुसरी सोय म्हणजे जेवढे काढाल तेवढ्यावरच व्याज. म्हणून १ लाख १० हजारांची मर्यादा मागा, पण विश्रांतीचे ३० हजार एकदम काढू नका, महिन्याला लागतील तसे काढा. मार्चअखेर एफडी पिकेल तेव्हा त्यातून हे फेडून तुमच्याकडे पावणेदोन लाखांच्या आसपास उरतील. ते तुमच्या आजारपणासाठी वेगळे ठेवायचे. एफडी आपोआप नूतनीकरणाला लावलेली असेल तर ती सूचना आताच बदलून घ्या.

भावाशी मात्र आधी एकदा बोला. "मार्चमध्ये दिले तर चालतील का?" एवढंच. त्यांना अडचण नसेल तर सात महिन्यांचे ४६७ रुपयेही वाचतात. पण तुम्ही लिहिलंत की वहिनींचा चेहरा बघवत नाही. तसं असेल तर विचारायलाही जाऊ नका, सरळ देऊन टाका. माहेरी दिवाळीला ताठ मानेने जाता येणं याला ४६७ रुपये फार नाहीत.

डब्यांची पोरं तुटतील ही तुमची खरी धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. त्यावर एक सुचवते. तुमच्या बचत गटातल्या ज्या बाईचा हात चांगला आहे असं तुम्ही म्हणता, तिच्याकडे हे दहा डबे नोव्हेंबरपर्यंत द्या. पोरांचे फोन तुमच्याकडेच येऊ देत, महिन्याचे पैसे तुम्हीच गोळा करा, आणि डब्यामागे दोनशे-अडीचशे रुपये तुम्ही ठेवा. फराळाचंही तसंच. ऑर्डर तुमची, भाजणीचं प्रमाण तुमचं, चव बघणं तुमचं, खुर्चीत बसून पाकिटं भरणं तुमचं. सोऱ्या आणि कढई दुसऱ्याच्या हातात. १५ हजारांऐवजी ५ हजार सुटतील. ते माझ्या हिशेबात मी धरलेलेच नाहीत, मिळाले तर ओव्हरड्राफ्टमध्ये भरा. तीन महिन्यांनी सुरू करतानाही आधी पाच डबे, आणि टाकी-बादलीला कायमचा दुसरा हात. बाईला निम्म्या पगारावर पुढेही ठेवता आलं तर तो धंद्याचाच खर्च समजा.

मेडिक्लेमबद्दल. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची अट राहिलेली नाही, त्यामुळे मिळू शकेल. पण ऑपरेशन आणि तुमचं ब्लडप्रेशर दोन्ही फॉर्मवर खरं लिहावं लागेल, आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ३४ हजार म्हणजे पोस्टाचं साडेपाच महिन्यांचं व्याज. तुमच्या पैशातून आता घेऊ नका. मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडिलांना घेता येतं का ते त्याने विचारावं, आणि त्याला स्वतःहून हप्ता भरायचा असेल तर जरूर भरू दे. तो जुन्या कररचनेत असेल तर आईच्या हप्त्यावर त्याला प्राप्तिकरात ५० हजारांपर्यंत वजावटही मिळते, फक्त पैसे रोख भरायचे नाहीत.

त्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड काढून घ्या. आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसतो. कुठले उपचार तिथे बसतात हे दाखल होण्याआधी त्याला विचारायचं, कारण योजना कॅशलेस आहे, मागाहून बिल देऊन पैसे मिळत नाहीत. चार वर्षांनी तुम्ही सत्तरीच्या झालात की उपचारांसाठीचं केंद्राचं वय वंदना कार्डही मिळेल, त्याला उत्पन्नाची अट नाही. या ऑपरेशनला हे का वापरलं नाही म्हणून आता जिवाला लावून घेऊ नका. वाचणाऱ्या बाकीच्या बायकांनी मात्र तारीख ठरवण्याआधी विचारा.

सोमवारी बँकेत जाताना एफडीची पावती, आधार, पॅन आणि दोन फोटो न्या, आणि वारसाचं नाव लावलेलं आहे का तेही तिथेच बघून घ्या. चालत जाऊ नका, रिक्षा करा. पोस्टाचे १८,४५० १ ऑक्टोबरला जमा होतील, तोवरच्या खर्चाला १९-२० हजार काढा, बाईचा पगार मुलाने दिला तर १५ हजार पुरतील. आणि गौरी यंदा धाकट्या जाऊबाईंकडे बसवायचं तुम्ही म्हणत होतात, ते पक्कं करून टाका. पुरण त्यांना घोटू दे.