उघड्या ट्रेलरवर बसण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

टिपर सोडून तू उघड्या ट्रेलरवर जातोयस, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं केलंस. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीपासून सावर्ड्यापर्यंत दारादारांत गाड्या उभ्या होत्या आणि चालवायला काम नव्हतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, तेव्हा पुन्हा तेच झालं. ज्यांनी मधल्या काळात खाणीबाहेरचं काम शिकून घेतलं, त्यांच्या घरची चूल पेटती राहिली. तूही शिकतोयस, म्हणून सविस्तर लिहितो. सावकाश वाच.

टिपरमध्ये खनिज हौद्यात पडतं. वरून ताडपत्री ओढली की माल सांभाळायचं काम हौदा करतो. तुझ्या ट्रेलरला हौदा नाही आणि फाळकाही नाही. पत्र्याची कॉइल म्हणजे मोठी गुंडाळी असो, सळया असोत नाहीतर ग्रॅनाइटचे ठोकळे, माल जागेवर राहतो तो बांधलाय म्हणूनच. आणि बांधायचा तो तू. हायड्रा क्रेनवाला माल टेकवून हुक सोडतो आणि निघून जातो. हमाल चार पट्टे टाकून चहाला जातात. ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी गेटबाहेर पडलेली हवी असते. घाटात मात्र त्या मालापुढे तू एकटाच बसलेला असतोस.

नाक्यावर एक वाक्य तुला रोज ऐकू येईल: "एवढं जड आहे, ते कशाला हलतंय?" हे बोलणारी माणसं वाईट नाहीत, पण यात तसूभरही तथ्य नाही. माल जितका जड, तितका ब्रेक मारल्यावर पुढे ढकलणारा जोरही मोठा. युरोप-अमेरिकेतल्या माल बांधण्याच्या नियमांत हा हिशोब स्पष्ट दिला आहे: पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूंना 50 टक्के जोर पेलता आला पाहिजे. आता 20 टनांची कॉइल घे. वळणावर तिला बाजूला ओढणारा जोर 10 टन धरायचा. ट्रेलरचा पत्रा पावसाने भिजलेला असेल, तर लोखंडावर लोखंडाचं घर्षण वजनाच्या फार तर 20 टक्के, म्हणजे 4 टन. उरलेले 6 टन कोण धरणार?

पट्टे धरतील असं तुला वाटेल. पट्ट्यावर 5 टन छापलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा पट्टा मालाला वेढा घालून परत आणला तरचा असतो. 50 मिलिमीटरचा तोच पट्टा सरळ ओढीत अडीच टनांचाच. त्यातून मालावरून आडवा टाकलेला पट्टा माल धरून ठेवत नाही, तो फक्त खाली दाबतो. पट्टा आवळायचा रॅचेट हाताने कितीही कसला तरी ताण येतो 300-400 किलोंचा. दोन्ही बाजू मिळून 700 किलोंचा दाब धर. भिजलेल्या लोखंडावर त्यातून घर्षण वाढतं 140 किलोंनी. 6 टन गाठायला चाळीसच्या वर पट्टे लागतील! चार पट्टे टाकून निघणारे आजवर सुखरूप पोचले, कारण त्यांना कुठे जोरात ब्रेक मारावा लागला नाही. एवढंच.

आता त्याच कॉइलखाली जाड रबरी मॅट घाल. घर्षण 60 टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे 12 टन. बाजूचा प्रश्न तिथेच संपला. पुढच्या दिशेला 16 टन हवेत, तिथे 4 टन कमी पडतात. ते साखळ्यांनी घ्यायचे. साखळी कॉइलच्या मधल्या भोकातून ओवून तिरकी मागे आणायची आणि चासीच्या कडीत अडकवायची, म्हणजे ती खरोखर माल मागे ओढून धरते. एवढ्याशा मॅटने किती काम होतं बघ. मालक मॅट देत नसेल तर मागून घे. तरी नाही दिली तर स्वतःच्या पैशाने घे, मी अर्धे देतो.

मॅट घसरणं थांबवते, गडगडणं नाही. म्हणून कॉइलचं भोक कुठल्या दिशेला आहे ते आधी बघायचं. भोक पुढे-मागे असेल तर कॉइल बाजूला लोळणार, आडवं असेल तर ती पुढे केबिनवर येणार. दोन्ही वेळा ती खाचेत किंवा पाचरांवर बसलेली हवी, आणि पाचरा एकमेकींना आडव्या पट्टीने जखडलेल्या हव्यात. सुट्या पाचरा कॉइलच्या धक्क्याने उडतात. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मध्ये कोपऱ्याचं संरक्षण घाल, नसेल तर जुन्या टायरचा तुकडा. कड लागलेला पट्टा आतून कापत जातो आणि तुटेपर्यंत कळत नाही.

सळयांचं थोडक्यात सांगतो. ट्रेलरच्या बाहेर टोकं काढायला 2014 पासून बंदी आहे, लाल कापड बांधून ती चूक झाकली जात नाही. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्या सळया दिसत नाहीत. लोड लांब असेल तर लांब ट्रेलर मागायचा, नाहीतर भाडं सोडायचं.

निघालास की मध्ये थांबून साखळ्या पुन्हा तपासायच्या. अमेरिकेत पहिल्या 50 मैलांच्या आत तपासणी करावी असा नियमच आहे. आपल्याला त्याहून आधी थांबावं लागतं, कारण आपले घाट जवळ आहेत. मुरगावकडून बेळगावला निघालास तर मोल्याला थांब, अनमोड चढण्याआधी. दक्षिणेला जात असशील तर करमल घाटाच्या अलीकडे. बसलेला माल जरा दबतो आणि साखळी सैल होते. हाताने हलवून बघायची, नुसत्या नजरेने नाही. चोर्ल्याच्या रस्त्याने लांब ट्रेलर नेऊच नकोस. तिथे अवजड वाहनांवर निर्बंध येत-जात असतात, आणि वळणावर तुझी मागची चाकं आत कापत येतात, समोरच्या बसला जागा उरत नाही.

होस्पेटकडून पोलाद भरून अनमोड उतरताना, तो घाट ज्या गिअरात चढला असतास त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे तुला भेटतील, तसं बढाईने सांगतीलही. त्यांच्यापासून लांब राहा. इंजिनची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि शेवटच्या वळणावर पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. पावसाळ्यात तिथे धुकंही असतं. सकाळी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी काढायला विसरू नकोस.

टपरीवर बसशीलच, आणि बसायलाही हवं. एकटा चालवणारा माणूस बोलायला भुकेला असतो. कुठे दरड आली, कुठल्या यार्डात गाडी दोन दोन दिवस अडते, कोण हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडवून ठेवल्याचे पैसे बुडवतो, ही माहिती टपरीवरच मिळते आणि ती बहुधा खरी असते. डिझेलचं तर सगळ्यांना माहीत आहे, महाराष्ट्रापेक्षा इथे साधारणपणे स्वस्त मिळतं, म्हणून पत्रादेवीला सीमा ओलांडण्याआधी टाक्या भरल्या जातात. पण "मी सलग सोळा तास चालवली" असं कोणी छाती फुगवून सांगू लागला की तिथून ऊठ. कायद्याने दिवसाला 8 तासांचं काम ठरवलंय ते माणसाच्या डोळ्यांकडे बघून. आपल्या धंद्यात ते पाळलं जात नाही हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचा मनापासून राग आहे. उत्तरेकडची भाडी असतील आणि गाडी मापात बसत असेल, तर मालकाकडे कोकण रेल्वेच्या रो-रोचा विषय काढ. 1999 पासून वेर्णा ते कोलाड ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढून जातात. डिझेल वाचतं, टायर वाचतात आणि तुला झोप मिळते.

कागदांत एकच गोष्ट पक्की धर: ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची मुदत. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस, मापाबाहेरच्या मालाला 20 किलोमीटरमागे एक दिवस. गाडी बिघडली किंवा घाट बंद झाला, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घ्यावी लागते. तुला वाढवता येत नसेल तर लगेच फोन कर, सकाळची वाट बघू नकोस. काट्यावर वजन जास्त भरलं तर गाडी हलवू नकोस. दंड कायद्यात 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 लिहिला आहे. तो मालकाने भरायचा की तू, हे पहिल्या दिवशीच ठरवून घे. भत्ता आणि हॉल्टिंगचंही तसंच, फोनवर लिहून पाठवायला सांग.

क्लीनर दिला तर त्याला आधी जेवायला घाल, मग काम सांग. मागे घेताना तुझे डोळे तोच असतो.

रविवारी सकाळी डिचोलीला ये. येताना साखळ्या आणि त्या ताणायचे बायंडर घेऊन ये. ताणलेल्या बायंडरचा दांडा उघडताना जोरात उलटा येतो, मनगट नाहीतर जबडा फोडतो. कुठे उभं राहायचं आणि हात कसा धरायचा, हे कागदावर सांगून उपयोग नाही, समोर उभं राहून दाखवतो. मॅटचं माप ट्रेलरवरून घेऊन ये, म्हणजे त्याच दिवशी म्हापशाला जाऊन आणता येईल.

तुझा,
काका