आईचे बायोलॉजिक औषध बदलायचे आहे. मधल्या काळात संसर्गाचा धोका किती असतो?

आपल्या आईंना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते असा संधिवात) आहे, दीड वर्ष चाललेल्या ॲडॅलिम्युमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनचा गुण येईनासा झाल्याने डॉक्टरांनी रिटक्सिमॅब हे दुसरे बायोलॉजिक सुचवले आहे, आणि संसर्ग टाळण्यासाठी मध्ये किती दिवस थांबावे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात राहणारी, याच आजाराची चौदा वर्षांची रुग्ण आहे आणि माझे औषध दोनदा बदलले आहे.

रक्तातील ॲडॅलिम्युमॅब निम्मे व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे इंजेक्शन थांबले त्या दिवशी प्रतिकारशक्ती काही पूर्ववत होत नाही. तरीही जुन्या औषधाचा पुढचा डोस ज्या सुमारास यायचा, त्याच सुमारास नवे सुरू करण्याची पद्धत आहे, कारण फार थांबले की सांधे भडकतात आणि सांधे भडकले की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी वाढते. माझी खरी काळजी इथे आहे. पहिल्या बदलाच्या वेळी माझी बोटे इतकी सुजली होती, की पोळीचा तुकडा मोडता येईना. 5 मिलिग्रॅमची गोळी 15 वर गेली आणि दीड महिन्यात कमरेला नागीण उठली. मी सगळा दोष नव्या इंजेक्शनला देऊन मोकळी झाले होते, पण स्टेरॉइडच्या डोसाबरोबर संसर्गाचा धोका वाढतो, हे मला नंतर नीट समजावून सांगण्यात आले. म्हणून डॉक्टरांना दिवसांचे अंतर विचाराच, पण गोळी किती वाढणार आणि कधी उतरवणार, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची. ॲडॅलिम्युमॅबसारखी औषधे टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या ज्या प्रथिनाला अडवतात, तोच शरीरात दबा धरून बसलेल्या जंतूंभोवतीचे कडे टिकवून धरतो. भारतात असे सुप्त जंतू फार लोकांच्या अंगात असतात, त्यामुळे आईंची तपासणी दीड वर्षापूर्वी झालेली असली, तरी मधल्या काळात घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला असल्यास ते न विचारता सांगावे. माझ्या हातावर मँटू या टीबीसाठीच्या त्वचेवरील टेस्टचे इंजेक्शन दिल्यावर तंत्रज्ञाने बॉलपेनने गोल काढला आणि तिसऱ्या दिवशी पट्टी लावून फुगवटा मोजला. आमच्यासारख्यांच्या बाबतीत 5 मिलिमीटरलाच ती पॉझिटिव्ह धरतात. मात्र स्टेरॉइड चालू असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि लहानपणीच्या बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्हही, म्हणून सोबत इग्रा ही रक्ततपासणी करतात.

रिटक्सिमॅबचे गणित वेगळे आहे. त्याने अँटीबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी जवळजवळ नाहीशा होतात आणि त्या परतायला सहा ते नऊ महिने, कधी त्याहून अधिक लागतात. मध्येच संसर्ग झाला, तर औषधाचा परिणाम मागे घेता येत नाही. सुप्त हिपॅटायटिस बी त्यामुळे पुन्हा उफाळू शकतो, म्हणून केवळ एचबीएसएजी (चालू संसर्ग दाखवणारी तपासणी) नव्हे, तर अँटी-एचबीसीही (पूर्वी होऊन गेलेला संसर्गही दाखवणारी) तपासलेली असावी.

पाण्याबाबत मी आता कमालीची काटेकोर झाले आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला होता. तेव्हापासून घरात पाणी उकळूनच पितो, आणि रस्त्यावरच्या पाणीपुरीला मी रामराम ठोकला आहे, याचे दुःख आहेच.

आईंच्या रिटक्सिमॅबची तारीख अजून ठरली नसेल, तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल आजच विचारा. ते औषध शरीरात गेल्यावर लसींचा प्रतिसाद फार क्षीण होतो, म्हणून त्या निदान दोन ते चार आठवडे आधी देतात. जिवंत जंतूंच्या लसी मात्र ॲडॅलिम्युमॅब चालू असतानाही वर्ज्यच असतात.