भाऊबिजेतलं बीज पेरायचं नसतं

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या फलकावर 'भाऊबीजनिमित्त' लिहायचं की 'भाऊबिजेनिमित्त'? आणि त्यातल्या 'बीज'चा नेमका अर्थ काय?

'भाऊबिजेनिमित्त' लिहा, आणि एकत्र लिहा. 'भाऊबीजच्या शुभेच्छा' हे तर दरवर्षी इतक्या ठिकाणी दिसतं की आता डोळ्यांना खुपतं. आपण 'पाडव्याच्या' म्हणतो, 'संक्रांतीच्या' म्हणतो, मग बिजेनंच काय घोडं मारलंय की तिचं सामान्यरूप होऊ नये? वीट-विटेला, तशी बीज-बिजेला.

अर्थाचं विचाराल तर दिवाळी जवळ आली की फिरू लागणारा तो मजकूर आधी बाजूला ठेवा: 'भावा-बहिणीच्या प्रेमाचं बीज रुजवणारा सण, म्हणून भाऊबीज'. अहो, रुजायचं असतं ते बीज नपुंसकलिंगी. ते बीज पेरलं, त्या बीजाला अंकुर फुटला. भाऊबीज मात्र 'आली', 'झाली', 'साजरी केली'. ती स्त्रीलिंगी आहे, कारण ती तिथी आहे. ही बीज म्हणजे द्वितीया, कार्तिक शुद्ध द्वितीया. पंचांगात हिलाच यमद्वितीया म्हणतात. यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, त्या कथेवरून ते नाव पडलं.

आता खरी गंमत. द्वितीयेची प्राकृतात बिइज्जा झाली. त्यातला ज्ज जोडाक्षर होता म्हणून तगला आणि मराठीत एकटा 'ज' होऊन राहिला. अद्य, अज्ज, आज यांची वाट हीच. उलट दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ज प्राकृतात टिकत नाही. संस्कृत बीजातला ज असाच गळाला आणि शेतकऱ्याच्या तोंडी उरलं नुसतं 'बी'. पेरणीला कुणी बीज घेऊन जात नाही, बी घेऊन जातो. बीज हा शब्द आपण बीजगणितासाठी आणि बीजमंत्रासाठी संस्कृतातून पुन्हा आणला. म्हणजे भाऊबिजेत खरोखरच दाणा असता, तर पिढ्यानपिढ्या बोलून बोलून तिची आज 'भाऊबी' झाली असती! हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

द्वितीयेतल्या 'द्व'चा आपल्याकडे ब झाला, तसा तो आकड्यांतही झालेला आहे. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बाहत्तर, सगळे त्याच घरचे. 'बे एके बे' म्हणणाऱ्या पोरांच्या तोंडी आजही तोच ब आहे. गुजरातीत दोनला बे म्हणतात आणि या सणाला भाईबीज. हिंदीने द धरून ठेवला, म्हणून तिकडे भाईदूज. दुसरेपणाचं लग्न करणारा तो बिजवर, म्हणजे द्वितीय वर. तिसऱ्यांदा बोहल्यावर चढला तर तिजवर. देहूची तुकाराम बीज हीसुद्धा तिथीच, फाल्गुन वद्य द्वितीया. तिथेही लोक भक्तीचं बीज शोधत बसतात. आणि ज्या बहिणीला भाऊ नाही ती भाऊबिजेला कुणाला ओवाळते? चंद्राला. अवसेनंतर त्याची बारीक कोर दिसते ती बिजेच्याच संध्याकाळी. सणाचं नाव आभाळात दिसत असताना मातीत कशाला उकरायचं?

पाडव्याचंही तसंच. पाडवा म्हणजे नववर्ष नव्हे, प्रतिपदा. 'प्रति'चं प्राकृतात 'पडि' होतं. म्हणून प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिजिव्हेची पडजीभ आणि प्रतिपदेचा पाडवा.

यावरून मी बरीच वर्षं एक मत बाळगून आहे. दिवाळीतल्या तिथ्यांची नावं ओळीने म्हणून बघा: वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, पाडवा, भाऊबीज. द्वादशीची बारस झाली, प्रतिपदेचा पाडवा झाला, द्वितीयेची बीज झाली. पण त्रयोदशी आणि चतुर्दशी तशाच कडक इस्त्रीत उभ्या. असं का? माझं म्हणणं, ज्या दिवसाचं मुख्य काम बाईच्या हातात, ती तिथी घासली गेली. बारशीला ती गाय-वासराची पूजा करते, पाडव्याला नवऱ्याला ओवाळते, बिजेला भावाला. मंत्र नाही, भटजी नाही; ताम्हन, निरांजन आणि घरातली बोली. त्रयोदशी धन्वंतरीची म्हणून वैद्यांची, धनाची म्हणून व्यापाऱ्यांची; चतुर्दशी पुराणातली. त्या पोथीतून आल्या आणि पोथीच्याच कपड्यांत राहिल्या. आषाढातली दिव्याची अवस बघा, मराठवाड्यातल्या शेतांवरची येळवस बघा. घर आणि शिवार जिथे जिथे सणाचं मालक आहे, तिथे अमावास्येचीसुद्धा अवस, नुसती वस झालेली आहे.

यावर एका व्याकरणाच्या जाणकारांनी मला नागपंचमी दाखवली होती: बायकांचा सण, तरी संस्कृत नाव. त्यांनी ते नाव छापील कॅलेंडरात वाचलं असणार. खेड्यात झोपाळ्यावर बसलेल्या पोरी 'पंचीम' म्हणतात.

याच जाणकारांचं 'धनतेरस' या शब्दाशीही वाकडं आहे. तो हिंदी आहे, मराठी माणसाने उच्चारू नये, असं ते सांगतात. मी स्वतः धनत्रयोदशीच म्हणतो, कारण घरात तेच ऐकलं. पण आदल्या दिवशी 'वसुबारस' मजेत म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी 'तेरस' ऐकून कानावर हात ठेवायचे, हे मला पटत नाही. बारा-बारस, तेरा-तेरस. शब्द आपल्याच आकड्यावरून सरळ उभा आहे. त्याला परका ठरवायचं असेल तर आधी वसुबारशीला घराबाहेर काढावं लागेल, आणि ते मी होऊ देणार नाही.